वर्धेकाठचें मैदान

मैदान म्हटलें कीं शाळेंतील मुलांच्या डोळ्यांपुढें गंगेचा प्रदेश उभा राहतो. भूगोलाच्या पुस्तकांत त्याचेंच चित्र असतें, परीक्षेंत त्याचाच प्रश्न येतो, आणि मुलें तो धडा घडाघड म्हणूनही दाखवितात. त्याच मुलांस, "आपल्या जिल्ह्यांत मैदान कोठें आहे?" असें विचारलें कीं वर्ग स्तब्ध होतो. यवतमाळ जिल्हा म्हणजे टेकड्या, सागाचें रान आणि कापसाचीं वावरें, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु जिल्ह्याच्या पूर्व अंगास वर्धा नदीच्या काठाकाठानें बाभूळगांव, कळंब, राळेगांव, मारेगांव आणि वणी या तालुक्यांतून जी सखल पट्टी पसरली आहे, ती मैदानच होय. आणि तें मैदान गंगेच्या मैदानाहून इतक्या निराळ्या रीतीनें बनलें आहे, कीं दोहोंची तुलना केल्यावांचून आमच्या शेतकऱ्याचें सुखदुःख नीट समजावयाचें नाहीं. ती तुलना येथें करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम नकाशा पाहूं. यवतमाळ जिल्ह्यास दोन नद्यांनीं वेढा दिला आहे. ईशान्य व पूर्व बाजूस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा. वर्धा मध्यप्रदेशांत सातपुड्यांतील मुलताईच्या पठारावर उगम पावते. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगरांतून निघते. दोघींची भेट वणी तालुक्याच्या टोंकास जुगाद गांवाजवळ होते. पलीकडच्या तीरावर चंद्रपूर जिल्ह्यांतील वढा हें गांव आहे. तेथें कार्तिकांत यात्रा भरते. पुढें ही नदी वैनगंगेस मिळून प्राणहिता हें नांव धारण करिते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत शिरते. म्हणजे यवतमाळच्या पठारावर पडलेला पाऊस उत्तरेकडे बेंबळेंत जावो, कीं दक्षिणेकडे पूस अथवा अरुणावतींत जावो, शेवटीं तो गोदावरीच्याच पदरांत पडतो.

जिल्ह्याचा मधला भाग उंच आहे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवर, तर वणी त्याहून सुमारें दोनशें मीटर खालीं. ही उतरण एकदम लागत नाहीं. करंजीवरून मारेगांवाकडे व तेथून वणीकडे जातांना सपाट माथ्याच्या टेकड्या हळूहळू मागें सरकतात, सागाचें रान विरळ होतें, क्षितिज रुंदावतें, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस पऱ्हाटीचीं वावरें लागतात. घाट उतरल्याचें प्रवाशास कळतही नाहीं. आम्हीं या रस्त्यानें पुष्कळदां प्रवास केला आहे, आणि दर वेळीं बरोबरीच्या एखाद्या उतारूस तरी विचारलें आहे कीं आपण उतरत आहों हें ध्यानांत येतें काय? बहुतेकांनीं नाहीं असेंच सांगितलें.

वर्धेचें संस्कृत नांव वरदा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकांत यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतबंधूंमध्यें विदर्भाचें राज्य वांटून देतांना अग्निमित्र राजा ह्याच नदीची सीमा ठरवितो. तेव्हांपासून या नदीच्या वांट्यास सीमेचेंच काम आलें आहे. इंग्रजी अमदानींत तिच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मध्यप्रांत अशी व्यवस्था होती. आज ती यवतमाळ जिल्ह्यास वर्धा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांपासून निराळें करिते. आमच्या जिल्ह्याचें नांवही १९०५ सालापर्यंत वणी जिल्हा असेंच होतें. म्हणजे नांवाचा मान आधीं या मैदानांतील गांवास होता, पठारावरील यवतमाळास तो मागाहून मिळाला. राजेलोक नदीस सीमा मानतात. शेतकरी मात्र दोन्ही तीरांवर सारखीच काळी माती कसतो, आणि भूगोलाच्या दृष्टीनें त्याचेंच म्हणणें खरें आहे.

आतां हें मैदान झालें कसें, हें पाहण्यासाठीं मातीखालीं उतरलें पाहिजे. येथील फार जुन्या थरांपैकीं एक चुनखडीचा आहे. पैनगंगेच्या नांवावरूनच भूगर्भशास्त्रज्ञांनीं त्या खडकांच्या समूहास नांव दिलें आहे. ज्या काळीं भूमीवर झाड नव्हतें आणि पाण्यांत मासाही नव्हता, त्या काळच्या उथळ समुद्राच्या तळाशीं बसलेला तो सांका होय. वणीजवळ राजूर येथें चुन्याच्या भट्ट्या पेटल्या त्या याच दगडाच्या जोरावर.

त्यानंतर फार काळानें, म्हणजे आजपासून सुमारें पंचवीस ते तीस कोटि वर्षांपूर्वीं, या भूमीस वायव्येकडून आग्नेयीकडे एक लांबच लांब खांच पडत गेली. आजची वर्धा, प्राणहिता आणि पुढची गोदावरी ढोबळ मानानें त्याच खांचेच्या दिशेनें वाहतात. त्या काळच्या नद्यांनीं त्या खांचेंत वाळू आणि चिखल आणून भरला. दलदलींत दाट अरण्यें वाढलीं, पडलीं, गाडलीं गेलीं, आणि त्यांचा कोळसा झाला. म्हणजे वणीच्या खाणींतून निघणारा कोळसा हा एका प्राचीन नदीमैदानाचाच अवशेष आहे. त्या मैदानावर मनुष्य तर नव्हताच, परंतु फूल धरणारें एकही झाड नव्हतें.

तिसरा थर काळ्या दगडाचा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त रस वर आला आणि थरावर थर देत सबंध दख्खनभर पसरला. पश्चिमेस सह्याद्रींत या थरांची जाडी हजार मीटरांहूनही अधिक आहे; पूर्वेकडे ती कमी होत होत वणीच्या आसपास हा दगड संपत येतो. यवतमाळचें पठार याच दगडाचें, आणि वाटेंत लागणाऱ्या सपाट माथ्याच्या टेकड्या म्हणजे त्याच थरांचे उरलेले तुकडे. एखाद्या जुन्या रांजणावर जाड झांकण असावें, तसा हा दगड त्या चुनखडीवर आणि कोळशावर बसला होता. वर्धेनें आणि तिच्या उपनद्यांनीं लक्षावधि वर्षें घासून घासून पूर्वेकडचें तें झांकण पातळ केलें, कांहीं ठिकाणीं अजीबात काढून टाकलें, आणि खालचा मऊ दगड हातीं लागतांच पात्र रुंद करीत नेलें. मैदान झालें तें असें.

येथें गंगेचा आणि वर्धेचा मार्ग निराळा होतो. गंगेचें मैदान भरणीचें आहे. हिमालयांतून खालीं येणाऱ्या नद्यांनीं तेथें गाळ आणून टाकला, आणि त्याची जाडी हिमालयाच्या पायथ्याशीं कांहीं ठिकाणीं कित्येक किलोमीटर आहे. वर्धेचें मैदान झिजेचें आहे. नदीकांठचा थोडासा गाळ सोडला, तर येथें कोणीं कांहीं आणून टाकलेलें नाहीं; होतें तें झिजून गेलें आणि जें उरलें त्यावर आपण राहतों. एक मैदान सांठवणीनें झालें आणि दुसरें खर्चानें झालें. वरून पाहणाऱ्यास दोन्ही सपाटच दिसतात; परंतु विहीर खणूं लागलें कीं भेद उघड होतो.

गाळाच्या मैदानांत जमीन स्पंजासारखी असते. वाळूच्या थरांत पावसाचें पाणी खोलवर मुरतें आणि उन्हाळ्यांतही हातीं लागतें. तेथील शेतकऱ्याच्या पायाखालीं जणूं एक गुप्त सरोवर असतें. आमच्या काळ्या दगडास तेवढें पोट नाहीं. वरचा कुजलेला मुरूम आणि दगडांतील भेगा, एवढीच त्याची सांठवणीची जागा. ती पावसाळ्यांत लवकर भरते आणि फाल्गुन-चैत्रांत तितक्याच लवकर रिती होते. वरची काळी माती पाणी धरून ठेवते खरी, पण तिचाही स्वभाव चमत्कारिक आहे. उन्हाळ्यांत ती आकसते आणि हात जाईल एवढाल्या भेगा पडतात. पहिल्या पावसांत त्या भेगांतून पाणी आंत जातें. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि नंतरच्या जोराच्या सरींचें पाणी वरच्यावर वाहून जातें. जातांना तें रिकाम्या हातानें जात नाहीं, माती घेऊन जातें. दगड झिजून इंचभर माती होण्यास शतकें लागतात. उतारावरच्या उघड्या वावरांतून ती माती थोड्या पावसाळ्यांत निघून जाते. गंगेच्या काठीं गेलेल्या मातीच्या जागीं वरून दुसरी माती येते. आमच्याकडे वरून येणारी माती म्हणजे आमच्याच पठारावरच्या गरीब भावाच्या वावरांतली माती होय.

या एका गोष्टींत वऱ्हाडच्या कापसाचें बरेंचसें भाग्य आणि दुर्भाग्य सामावलेलें आहे. पऱ्हाटीस ओल धरणारी काळी जमीन मानवते, म्हणून या खोऱ्याचा कापूस पूर्वींपासून नांवाजलेला. नदीपलीकडच्या हिंगणघाटाचें नांव तर कापसाच्या एका जातीसच पडलें होतें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हां विलायतेच्या गिरण्यांचें लक्ष वऱ्हाडाकडे वळलें. त्यानंतर ज्वारीचीं पुष्कळ वावरें कापसाखालीं गेलीं. परंतु मातींतली ओल हेंच ज्याचें सर्व भांडवल, त्या पिकानें पावसाची एक ओढ जरी सोसली नाहीं तरी वर्षाचा हिशेब बुडतो. जिल्ह्यांत सरासरीनें ९०० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तो कमी नव्हे. उणीव पावसाची नसून पाणी ठेवावयाच्या जागेची आहे. गेल्या तीन दशकांत या भागांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं सबंध देशाचें मन व्यथित केलें. १ जुलै २००६ रोजीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत यवतमाळ होतें. कर्ज, बाजारभाव, बियाण्याचा खर्च हीं कारणें मोठीं आहेतच, आणि त्यांविषयीं जाणत्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु कर्ज काढून लावलेलें बीं ज्या जमिनींत पडतें, तिच्याखालीं पाण्याचा सांठा नाहीं, हें पहिलें कारण भूगोलाचें आहे, आणि तें सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं.

पठार आणि मैदान यांचें नातें किती निकटचें आहे, याची प्रचीति २०१८ सालच्या उन्हाळ्यांत आली. त्या वर्षीं यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले, आणि गल्लोगल्लीं टँकरपुढें भांड्यांच्या रांगा लागल्या. शहर पाणलोटाच्या माथ्यावर वसलेलें. पडलेलें पाणी दोन्ही बाजूंनीं उतरून जाणार. शेवटीं खालच्या अंगास बाभूळगांव तालुक्यांत बेंबळा नदीवर बांधलेल्या धरणांतून नळानें तें पाणी पुन्हां वर चढविण्याची योजना करावी लागली. जें पाणी उतरतांना फुकट गेलें, तेंच वर आणतांना विजेचें मोल मोजावें लागतें.

वर तहान, तर खालीं पूर. मैदानांतल्या पुराची रीत पठारावरच्या माणसास लवकर उमगत नाहीं. आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी वर्धेपासून कोसभर आंत राहतात. त्यांच्या घराच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गढूळ पाण्याची रेघ आम्हीं पाहिली. नदी एवढी दूर असतां पाणी येथवर आलें कसें, असें विचारतां ते म्हणाले, "गुरुजी, वर्धा नाई आली जी घरात. आमचाच नाला आला. वर्धामायनं त्याचं तोंड दाबलं का तो उलटा फिरते." भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकांत याहून चांगलें वर्णन सांपडावयाचें नाहीं. मैदानाचा उतार इतका मंद असतो, कीं मोठी नदी दुथडी भरली म्हणजे लहान नद्यांच्या पाण्यास आंत शिरावयास जागा राहत नाहीं. निर्गुडेसारख्या लहान नद्या आणि असंख्य नाले मग मागें फुगत जातात, आणि संगमाच्या वरच्या अंगास सबंध शिवार पाण्याखालीं येतें. जुगादजवळ तर वर्धा आणि पैनगंगा या दोघीही एकाच वेळीं भरल्या, म्हणजे एकमेकींची वाट अडवितात. त्यांत वरच्या बाजूस सिंभोऱ्याचें ऊर्ध्व वर्धा, धनोडीचें निम्न वर्धा आणि बेंबळा हीं धरणें भरून दारें उघडावीं लागलीं, कीं तेंही पाणी याच पट्टींतून जावयाचें. जुलै २०२२ मध्यें असेंच घडलें. वणी, मारेगांव आणि राळेगांव या तालुक्यांतील नदीकांठच्या गांवांस पाण्याचा वेढा पडला, लोकांना नावांतून बाहेर काढावें लागलें, आणि नुकतींच उगवलेलीं पिकें दिवसचे दिवस पाण्यांत राहून कुजलीं.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती, असें जुन्या गांवांच्या रचनेवरून दिसतें. कसावयाची ती काळी आणि वसावयाची ती पांढरी, असा भेद मराठी शेतकऱ्याच्या भाषेंतच रुजलेला आहे. काळी जमीन फुगते आणि आकसते, म्हणून तिच्यावर भिंत टिकत नाहीं. आणि ती सखल असल्यामुळें तेथें पाणी येतें. म्हणून गांव उंचवट्यावर, पांढरीवर वसवावयाचें आणि वावर खालीं ठेवावयाचें. कित्येक पिढ्यांच्या राहणीनें ती पांढरी आणखी उंच होत गेली. पुराच्या वेळीं जुन्या पांढरीवरचीं घरें पुष्कळदां कोरडीं राहतात आणि अलीकडे रस्त्याच्या कडेस काळींत बांधलेलीं घरें बुडतात, हें आम्हीं एकाहून अधिक गांवीं पाहिलें आहे.

आतां या मैदानावर एक नवी गोष्ट घडत आहे. १९७३ मध्यें कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, १९७५ मध्यें वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी निघाली, आणि पुढें उकणी, नीलजई, मुंगोली अशा वणी तालुक्यांतील गांवांच्या शिवारांत उघड्या खाणी झाल्या. उघड्या खाणींत आधीं काळी माती, मग मुरूम आणि दगड उचलून बाजूस टाकतात आणि तळचा कोळसा काढून घेतात. त्या टाकलेल्या मातीच्या टेकड्या आज वणीच्या आसपास दुरून दिसतात. ज्या प्रदेशांतल्या टेकड्या झिजवावयास नदीस लक्षावधि वर्षें लागलीं, तेथें मनुष्यानें पन्नास वर्षांत नव्या टेकड्या उभ्या केल्या! कोळसा नको असें म्हणणें सोपें आहे; परंतु आमच्या घरांतील दिवा आणि पंखा त्यावरच चालतो, आणि त्या खाणींवर सहस्रावधि कुटुंबांची चूल पेटते. तेव्हां तसें आम्ही म्हणत नाहीं. मात्र दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ज्या सखल पट्टींत पुराचें पाणी पसरून विसांवा घेतें, तेथें ढिगारा पडला तर तें पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी वावरांत जाणार. आणि वरची काळी माती एकदां दगडांत मिसळून गेली, कीं ती वेगळी करतां येत नाहीं. ती आधीं निराळी काढून निराळी ठेवली, आणि खाण भरून आल्यावर पुन्हां वर पसरली, तरच त्या जागेवर पुढच्या पिढीस कांहीं पिकवितां येईल. कोळसा दुसऱ्या देशांतूनही आणतां येतो. माती कोठून आणावयाची?

मग उपाय काय? ज्याच्या घरीं सांठवण नाहीं त्यानें खर्च जपून करावा, हा जो संसाराचा नियम तोच येथेंही लागू आहे. वावराचे धुरे राखणें, उतारास आडवी पेरणी करणें, शेततळें खणणें, नाल्याचें पाणी ठिकठिकाणीं थोपवून जिरविणें, पठारावरचें रान राखणें, हीं कामें मोठ्या धरणांच्या मानानें क्षुल्लक दिसतात. परंतु झिजेच्या मैदानास तींच औषधें आहेत. पठारावर जिरलेल्या पाण्यानें दोन कामें होतात: वरची विहीर चार महिने अधिक टिकते, आणि खालच्या गांवावर येणारा लोंढा तेवढा कमी होतो. म्हणून पठारावरचा शेतकरी आपला बांध घालतो, तेव्हां तो नकळत वणीच्या शेतकऱ्याचेंही घर राखीत असतो.

वाचकांपैकीं ज्यांचे आजे-पणजे या भागांतून पुण्या-मुंबईस किंवा त्याहूनही दूर गेले, त्यांच्या घरीं गांवाकडच्या शेताच्या गोष्टी अजून निघत असतील. सुट्टींत मुलांना घेऊन इकडे येणें झालें, तर कळंबास चिंतामणीचें दर्शन अवश्य घ्यावें. तेथें देऊळ जमिनीच्या पातळीखालीं असून पुढें कुंड आहे. त्या कुंडाचें पाणी केव्हां केव्हां चढत चढत देवाच्या चरणांपर्यंत येतें, असें लोक श्रद्धेनें सांगतात. मुलांना तो महिमा सांगावा, आणि त्याबरोबरच हेंही सांगावें कीं वर जिरलेलें पाणी खालीं असें भेटीस येतें. मग वणीकडे जावें, आणि वाटेंत एखाद्या विहिरीवर थांबून तिच्या कडेचे थर मुलांस मोजावयास लावावे: वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, त्याखालीं दगड. हातभर काळ्या मातीवर सबंध मुलूख जगतो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे पुस्तकांतला धडा त्यांस पुन्हां शिकवावा लागणार नाहीं.